वसाहतीचे पाऊसपाणी

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावास राष्ट्रसभेचे एकोणचाळिसावे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद स्वीकारलेले हे एकमेव अधिवेशन. त्यासाठी टिळकवाडीच्या बाजूस जे नगर उभारले त्याला विजयनगर असे नाव देण्यात आले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या हजारो पाहुण्यांना पाणी कोठून द्यावयाचे, हा स्वागत समितीपुढील मोठा प्रश्न होता. समितीने एक प्रशस्त विहीर खोदविली. तिचे नाव पंपा सरोवर. परंतु बेळगावकरांच्या तोंडी ती 'काँग्रेस विहीर' म्हणूनच राहिली. अधिवेशनाचे मंडप उठले, पाहुणे गेले, विहीर मात्र जागेवर राहिली. २०२४ च्या डिसेंबरात अधिवेशनाची शताब्दी झाली, तेव्हा पुष्कळांची पावले पुन्हा तिच्या काठाशी वळली.

त्या काळी बेळगाव हे विहिरींचे गाव होते. गल्लीत एखादी सार्वजनिक विहीर आणि घरामागच्या परड्यात आड, ही सर्वसाधारण व्यवस्था होती. कौलारू घराच्या पागोळ्या परड्यातच गळत, परड्यातील माती ते पाणी पिऊन घेई आणि वैशाखात तेच पाणी पोहऱ्यातून वर येई. याला कोणी योजना म्हणत नसे. पुढे १९६२ मध्ये मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयाचे पाणी आले, नंतर हिडकल धरणाचे आले. घरात नळ आला आणि रहाट अडगळीत गेला. आडात आधी निर्माल्य, मग केरकचरा आणि शेवटी बांधकामाची माती पडली. नळ कमी पडू लागला तेव्हा लोक आडाकडे परतले नाहीत. त्यांनी विंधनविहीर, म्हणजे सर्वांच्या तोंडचा 'बोअर', खोदला. दरम्यान घरांवर कौलांच्या जागी सिमेंटची गच्ची आली आणि परड्यांत फरशी बसली.

याचा परिणाम दुहेरी झाला. शहरावर पडलेले पाणी गटारांतून धावत बळ्ळारी नाल्याकडे जाते आणि पावसाळा जोराचा असला की शहापूर, वडगाव, येळ्ळूर या भागांतील भाताची शिवारे पाण्याखाली जातात. ज्या गच्चीवरून ते पाणी निघाले तिच्याच मालकाला एप्रिलात टँकरची वाट पाहावी लागते. श्रावणातील शेतकऱ्याचे नुकसान आणि चैत्रातील गृहस्थाची अडचण ही एकाच पाण्याची दोन टोके आहेत. पावसाचे पाणी वसाहतीतच अडवून जमिनीत मुरविणे, म्हणजेच भूजलाचे पुनर्भरण करणे, या विषयाचा विचार म्हणून येथूनच सुरू झाला पाहिजे.

पाणी आहे तरी किती? हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. बेळगाव शहरात वर्षाकाठी सरासरी १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरांच्या गच्चीवर १२०० मिलिमीटर पावसाचे १,२०,००० लिटर पाणी पडेल. वाळण्यात व सांडण्यात पाचवा हिस्सा गेला असे धरले तरी ९६,००० लिटर हाती लागते. शहरी माणसास दररोज १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी प्रमाण आहे. त्या मानाने पाच माणसांच्या कुटुंबाची ही सुमारे १४० दिवसांची तरतूद झाली. अशी ५० घरे असलेल्या वसाहतीच्या केवळ गच्च्यांवरून वर्षाला ४८ लाख लिटर पाणी वाहून जाते. रस्ते आणि मोकळ्या जागा यात धरलेल्याच नाहीत.

हा आकडा ऐकून पुष्कळजण तात्काळ खड्डा खणावयास निघतात. तसे करण्यापूर्वी पायाखालच्या भूमीची चौकशी करावयास हवी. बेळगावच्या बऱ्याच भागांत वर जांभा दगड आहे आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. जांभा हा छिद्रांनी भरलेला दगड. त्यात पाणी झपाट्याने शिरते. म्हणूनच पाऊस स्थिरावला की आडांतील पाणी हा हा म्हणता वर येते. पण ज्या छिद्रांतून ते आत शिरते त्याच छिद्रांतून ते उताराकडे सरकते आणि खालच्या चिकणमातीच्या थरावरून वाहत नाल्याकाठी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. जांभा पाणी घेतो उदारपणे, पण ते साठवून ठेवण्यात तो काळ्या पाषाणाच्या भेगांइतकाही भरवशाचा नाही. वसाहतीच्या वरच्या टोकाच्या घरांनी मुरविलेले पाणी म्हणून पुष्कळदा खालच्या टोकाच्या विहिरीत सापडते, आणि सर्वांत खालच्या सीमेवर मुरविलेले पाणी वसाहतीच्या हाती लागतच नाही. पूर्वेकडील काळ्या मातीच्या पट्ट्यात प्रकार याच्या उलट आहे. तेथे माती फुगून आपली तोंडे मिटून घेते व उथळ खड्डा डबक्यासारखा तुंबून राहतो.

भूमीची ही परीक्षा करण्यास मोठी विद्या लागत नाही. मीटरभर खोल खड्डा खणून तो एकदा पाण्याने भरावा व जिरू द्यावा. दुसऱ्यांदा भरावा आणि तासाला पाणी किती बोटे उतरते ते मोजावे. वसाहतीत वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी हा प्रयोग केला, की खड्डे कोठे घ्यावेत आणि कोठे घेऊ नयेत हे बहुधा आपोआप ठरते. त्याआधी एक काम मात्र पावसातच उरकावे लागते. छत्री घेऊन एखाद्या जोरदार सरीत वसाहतीतून फिरावे आणि पाणी कोठून येते, कोठे वळते, कोणाच्या फाटकाशी साचते, हे नकाशावर टिपून ठेवावे. कागदावरच्या उतारापेक्षा ही एक फेरी अधिक उपयोगी पडते.

खड्ड्याचे माप वर्षाच्या पावसावरून काढावयाचे नसते. ते सरीच्या जोरावरून काढावयाचे असते. तासाला ६० मिलिमीटर या वेगाने पाव तास पाऊस पडला, तर १०० चौरस मीटर गच्चीवरून सुमारे १,२०० लिटर पाणी उतरते. दगडगोटे भरलेल्या खड्ड्यात पाण्याला मोकळी जागा साधारण चाळीस टक्के उरते. तेव्हा हे पाणी सामावण्यास तीन घनमीटरांचा खड्डा हवा; एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असा तो होईल. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू घालावी. वाळू वर ठेवण्याचे कारण असे, की गाळ तिच्यावरच अडतो आणि दरवर्षी दोन-चार बोटांचा थर खरवडून काढला की काम भागते. वाळू तळाशी घातली तर सगळा खड्डा उपसावा लागेल.

गच्चीवर वर्षभराची धूळ, पाखरांची विष्ठा आणि पालापाचोळा साठलेला असतो. वळवाचे आणि मृगाच्या पहिल्या सरींचे पाणी म्हणून बाहेर सोडून द्यावे. पुढेही प्रत्येक उघडिपीनंतरच्या सरीतील पहिले शे-दोनशे लिटर वगळता येतील अशी तोटी पन्हळीच्या नळाला असावी. रस्त्याच्या पाण्यात तेल असते, शेण असते. ते पाणी विहिरीत कधीही सोडू नये. रस्त्याकडेच्या चरात किंवा बागेतील सखल जागेत मातीवाटे सावकाश मुरले तर ठीक. शौचकूपाच्या टाकीपासून मुरवणीचा खड्डा निदान १० ते १५ मीटर दूर असावा. जांभ्यातून घाणही पाण्याइतक्याच वेगाने धावते, तेव्हा या बाबतीत अंतर जितके अधिक तितके बरे. विहिरीचे पाणी पिण्यात घ्यावयाचे असेल तर तपासणी आणि निर्जंतुकीकरण यांना पर्याय नाही. बागेस, धुण्यास आणि फरशा पुसण्यास मात्र ते आहे तसे चालेल.

वसाहतीत जुनी विहीर असेल, तर पहिला खर्च तिच्यावरच व्हावा. शंभर नव्या खड्ड्यांनी जे साधत नाही ते गाळ काढलेली एक विहीर साधते, कारण तिच्या भिंतींतील झरे पाण्याला आत येण्याचा तसाच बाहेर जाण्याचाही मार्ग देतात. १९९० नंतरच्या दशकात बेळगावच्या महापालिकेने शहरातील काही जुन्या सार्वजनिक विहिरी उपसून स्वच्छ केल्या आणि त्यांचे पाणी पुन्हा वापरात आणले. काँग्रेस विहीर त्यांपैकीच एक. ज्या विहिरींवर लोकांनी कचऱ्याचा अधिकार बजावला होता त्यांनी पुन्हा पाणी दिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बोअरची कथा वेगळी आहे. तीन-चारशे फूट खोल गेलेला बोअर काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाणी ओढतो आणि वरच्या जांभ्याच्या थराला त्यातील नळीने बहुधा बंदच केलेले असते. परड्यात मुरलेले पाणी त्या भेगांपर्यंत पोहोचण्यास किती काळ लागेल, हे भेगांच्या जाळ्यावर अवलंबून आहे. यंदा खड्डा खणला म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात आपला बोअर भरेल, असे आश्वासन कोणी दिले तर त्यावर विसंबू नये. गच्चीचे पाणी थेट बोअरमध्ये सोडणे हा तर उतावळेपणाच होय. एकदा गाळाने भेगा बुजल्या की त्या मोकळ्या करणे फार अवघड, आणि खोलवर गेलेली घाण परत काढता येत नाही.

येथवरची सर्व कामे गवंड्याची आणि नळ-कारागिराची. खरी अडचण त्यांच्यानंतर उभी राहते. वरच्या आळीतील गृहस्थाने पदरचे पैसे खर्चून पाणी मुरविले. ते सरकत खालच्या आळीत गेले. तेथील शेजाऱ्याने एक छदामही न खर्चता दिवसरात्र पंप चालवून ते उपसले, आणि त्यातील काही टँकरवाल्यास विकले. पहिल्याने कोणाकडे दाद मागावी? १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीखालील, निश्चित प्रवाहात न वाहणारे पाणी घेण्याचा अधिकार मान्य केला आहे. हद्दीची भिंत जमिनीवर असते, पाण्याला ती दिसत नाही. कर्नाटकाने २०११ मध्ये भूजलाच्या नियमनाचा कायदा केला आणि अधिसूचित क्षेत्रांत नव्या विहिरीस परवानगी आवश्यक ठरविली. पण एका वसाहतीतील पन्नास घरांचा रोजचा उपसा सरकारी कचेरीतून कोण आणि कसा मोजणार?

म्हणून वसाहतीची पाणीयोजना खड्ड्यांच्या नकाशापाशी थांबली तर ती अर्धीच राहिली. तिच्या उरलेल्या अर्ध्या भागात उपशाचा करार असला पाहिजे. किती बोअर चालतील, पंप दिवसाचे किती तास चालेल, वसाहतीबाहेर पाणी विकावयाचे की नाही, वर्गणी गच्चीच्या आकारावर बसवावयाची की उपशाच्या प्रमाणावर, हे प्रश्न आधी सोडवावे लागतील. यातील शेवटच्या प्रश्नावर सभा मोडतात. ज्याची गच्ची मोठी त्याचे पाणी अधिक वाहून जाते हे खरे. परंतु ज्याचा पंप अधिक चालतो त्याने अधिक द्यावे, हा न्याय लोकांना लवकर पटतो. परड्यात फरशी घालणाऱ्यानेही आपल्या वाट्याचे काही दिले पाहिजे, कारण त्याने मुरणाऱ्या जागेतून तेवढी जागा वजा केलेली असते.

असा करार टिकावयाचा तर सर्वांना दिसेल असे मोजमाप हवे. एक दोरी, तिच्या टोकाला वजन आणि दर हाताला एक गाठ एवढ्यावर ते भागते. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. वसाहतीने आपली सामाईक विहीर महिन्यातून एकदा, पंप रात्रभर बंद ठेवून, सकाळी मोजावी आणि काठापासून पाणी किती खाली आहे ते जवळच्या फळ्यावर लिहावे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या, की पाऊस कमी झाला म्हणून पाणी उतरले की उपसा वाढला म्हणून, हा वाद आवाज न चढविता मिटविता येतो.

कामाचा काळ वैशाखाचा. तेव्हा जमीन कोरडी असते आणि विहिरीत पाणी तळाला गेल्यामुळे गाळ काढणे सोपे जाते. गच्चीच्या पन्हळी, तोट्या आणि खड्ड्यांची वाळू मृगापूर्वी तयार असावी. फळ्यावरील पहिला आकडा मात्र त्याहीआधीचा हवा. गाळ उपसण्यापूर्वीच्या दिवशी, म्हणजे वसाहतीने अजून काहीच केलेले नसताना, पाणी किती खोल होते तो.