ग्रीन कार्ड कुणाच्या हातात?
(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा अमेरिकेत असतो’ म्हटलं की निम्मं काम होतं. पगार, घर, पत्रिका सगळं विचारलं जातं. मुलगी तिथं कोणत्या व्हिसावर राहणार, हे मात्र कुणी विचारत नाही. तिची पुढची कित्येक वर्षं त्यावर ठरतात, म्हणून आज त्याविषयी बोलते.

मुलगा एच-१बी व्हिसावर असेल, तर बायकोला एच-४ मिळतो. ग्रीन कार्डासाठी अर्ज करते त्याची कंपनी. नोकरीच्या वाटेनं वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं मिळतात. बायकामुलं त्यातच धरली जातात आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच येतात. म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची आहे. २०१५ पर्यंत एच-४ वरच्या बाईला नोकरीची परवानगीच नव्हती. त्यावर्षीच्या नियमानं मिळाली, तीही नवऱ्याचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तरच. घटस्फोट झाला की एच-४ संपतो.

मुलगा अमेरिकी नागरिक असेल, तर तो स्वतः बायकोसाठी अर्ज करतो. इथं वार्षिक संख्येची मर्यादा नाही. पण लग्नाला दोन वर्षं होण्याआधी कार्ड मिळालं, तर ते दोन वर्षांपुरतं, सशर्त असतं. अट काढण्यासाठी दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. ‘सही करणार नाही, परत पाठवीन’ ही धमकी इथूनच येते.

ती धमकी पोकळ आहे, हे मुलीला माहीत हवं. छळ झाला असेल तर तिला एकटीला अट काढण्याचा अर्ज करता येतो. १९९४ च्या कायद्यानुसार नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ झालेल्या बायकोला, नवऱ्याला न कळवता, स्वतः कार्डासाठी अर्ज करता येतो. एच-४ वरच्या बाईला ही वाट नाही. छळाच्या कारणावरून तिला कामाचा परवाना तेवढा मागता येतो.

तेव्हा सल्ला घ्यायला मुलगी आली की आपण विचारायचं: तो नागरिक आहे, कार्डधारक आहे की एच-१बीवर? अर्ज कुठवर आलाय? पासपोर्ट तिनं स्वतःजवळ ठेवावा. लग्नाचा दाखला, व्हिसा, अर्जाच्या पावत्या यांच्या प्रती माहेरी असाव्यात. आणि हे सारं विमानात बसण्याआधी व्हावं.