हीटर उशिरा तापतो, त्याचं कारण काय?



आपल्या जिल्ह्यात गाड्या तयार होतात. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. शेंद्र्याला २००१ सालापासून स्कोडा मोटारी बनू लागल्या. आज गावोगावी जीप आहे, टेम्पो आहे, कुणाच्या दारात मोटारही आहे. गाडी चालवणारे पुष्कळ झाले. पण गाडीच्या पोटात काय चालतं, हे जाणणारे थोडे. म्हणून आज आम्ही एकच लहानसा विषय घेतला आहे. गाडीतला हीटर लवकर तापत नसेल, तर दोष कसा शोधायचा?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो. आपल्याला हीटर कशाला हवा?"

प्रश्न बरोबर आहे. पण पौष-माघातली पहाट आठवा. जीप माणसांनी भरलेली आहे. कन्नडहून औट्रम घाट उतरून चाळीसगावला जायचं आहे. सगळ्यांच्या श्वासाची वाफ समोरच्या काचेवर बसते. काच धुरकट होते, वळण दिसत नाही. अशा वेळी काचेवर ऊन वारा सोडला की ती स्वच्छ होते. म्हणजे हीटर ही नुसती चैन नाही. त्यावर गाडीतल्या माणसांचा जीव अवलंबून असतो.

आता हीटर तापतो कसा ते पाहू. बहुतेक गाड्यांच्या हीटरला स्वतःची आग नसते. इंजिन चाललं की ते तापतं. त्याला थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती पाणी फिरत असतं. त्यातलं थोडं गरम पाणी डॅशबोर्डच्या मागे एका लहान जाळीत जातं. पंखा त्या जाळीवरून वारा सोडतो, आणि तोच ऊन वारा आपल्याला लागतो. म्हणून पाणी तापल्याशिवाय हीटर तापणार नाही. चुलीवर आधण ठेवल्याबरोबर कुणी चहा मागत नाही. तसंच इथंही आहे. गाडी सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं लागायचीच. डिझेलच्या इंजिनाला त्याहून थोडं अधिक. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन फार सावकाश तापतं. हळूहळू चालती ठेवली तर लवकर तापतं. बंद शेडमध्ये मात्र इंजिन चालू ठेवून बसू नये. त्या धुरात विषारी वायू असतो. त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच दगावतो.

पण अर्धा तास गेला तरी वारा गारच, असं झालं तर दोष शोधावा. तोही क्रमाने. आधी बिनखर्चाची तपासणी, मग खर्चाची.

पहिली गोष्ट, पाणी. रात्रभर गाडी उभी असताना, इंजिन गार असताना, पाण्याची बाटली पाहा. तिच्यावर दोन रेघा असतात. पाणी त्या दोन रेघांच्या मध्ये हवं. पाणी कमी झालं की हीटरच्या जाळीत हवा भरते. मग इंजिन तापलं तरी वारा गार येतो. हा धोक्याचा इशारा समजा. पाणी कुठं जातं ते शोधा, नाहीतर इंजिनच जळेल. गाडीत गोडसर वास येत असेल आणि काचेवर चिकट वाफ बसत असेल, तर हीटरची जाळीच गळते आहे.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखाली कोंडलेलं पाणी उसळतं आणि तोंड-हात भाजून काढतं.

दुसरी गोष्ट, काटा. पाण्याची गरमी दाखवणारा काटा पाहा. काही गाड्यांत काटा नसतो. इंजिन गार असेपर्यंत निळा दिवा लागतो. काटा वर चढला, दिवा विझला आणि तरी वारा गार आहे, तर दोष हीटरच्या बाजूला आहे. काटा खालीच रेंगाळत असेल, तर दोष इंजिनाच्या बाजूला आहे.

तिसरी गोष्ट, नळ्या. हीटरकडे दोन रबरी नळ्या जातात. गाडी चालवून आणा, इंजिन बंद करा, चावी काढा, आणि मग जपून त्या नळ्यांना हात लावून पाहा. पंख्यापासून हात दूर ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा फिरू लागतो. दोन्ही नळ्या गरम असतील तर पाणी नीट येतं आहे. मग पंखा किंवा वाऱ्याची झडप बिघडली असेल. एक गरम आणि दुसरी गार असेल तर जाळी तुंबली आहे, नाहीतर तिचा नळ बंद आहे. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. पाणी तापवायच्या भांड्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो जाळीतही बसतो. म्हणून बोअरचं पाणी ओतू नये. कंपनीने सांगितलेलं कूलंटच भरावं. मात्र कूलंट बहुधा विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. मुलं आणि जनावरं यांच्यापासून ते दूर ठेवा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिचं नाव थर्मोस्टॅट. पाटाचं पाणी एक वाफा भरेपर्यंत आपण दुसरीकडे जाऊ देत नाही. भरला की दारं मोडतो. थर्मोस्टॅट हे इंजिनाचं दारं आहे. त्यात मेण असतं. इंजिन गार असेपर्यंत दारं बंद राहतं आणि पाणी इंजिनापाशीच फिरतं. साधारण ८० ते ९० अंशांना मेण वितळून फुगतं, दारं उघडतं, आणि पाणी रेडिएटरकडे जातं.

आमच्या माहितीतल्या एका जीपवाल्याची गाडी उन्हाळ्यात तापू लागली. मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकला आणि म्हणाला, "आता कधी तापणार नाही." हे अनेक ठिकाणी चालतं. पण हिवाळ्यात त्या जीपचा हीटर तापेना. घाट उतरताना काटा खाली जाई. डिझेल जास्त लागू लागलं. त्याचं कारण उघड आहे. दारंच नाही, तेव्हा पाणी सदा रेडिएटरकडे धावणार. इंजिन गार राहिलं की डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते, आणि आतले भाग लवकर झिजतात. थर्मोस्टॅट उघडा अडकला तरी हेच होतं. तो बंद अडकला तर उलट इंजिन उकळतं. दोन्ही वेळा उपाय एकच. नवा बसवायचा, काढून टाकायचा नाही.

जुना खराब आहे का, हे तुमच्यासमोर तपासता येतं. जुन्या पातेल्यात पाणी घ्या. थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्ये लोंबकळत ठेवा आणि पाणी तापवा. गार पाण्यात तो बंद दिसला पाहिजे. ऊन पाण्यात उघडला पाहिजे, आणि गार झाल्यावर पुन्हा मिटला पाहिजे. ते पातेलं नंतर स्वयंपाकाला घेऊ नका.

बहुतेक थर्मोस्टॅटवर एक आकडा ठोकलेला असतो. ८२ असेल, ८८ असेल. तो किती अंशांना उघडतो, ते त्यावरून कळतं. नवा घेताना तो आकडा वाचा. गाडीच्या पुस्तकातला आकडा आणि हा आकडा जुळतो का पाहा. बिलावर काय लिहिलं आहे तेही वाचा. काल हे आकडे तुमच्यासाठी नुसत्या रेघोट्या होत्या. आज तुम्हाला ते वाचता येतात. मिस्त्री सांगेल त्याला नुसती मान डोलवू नका. "जुना भाग दाखवा," म्हणा, आणि त्याच्यावरचा आकडा स्वतः वाचून पाहा.