साखळी, पट्टा आणि ताडपत्री
अमेरिकेत फ्लॅटबेड ट्रक चालवायचा, तर ‘क्लास ए’ परवाना हातात पडला म्हणजे निम्मंच काम झालं. या ट्रेलरला ना भिंती, ना छप्पर. माल पक्का बांधलाय ना, याची जबाबदारी चालकाची.

तिथला केंद्रीय नियम सांगतो, बांधणीची एकूण भारक्षमता मालाच्या निदान निम्म्या वजनाइतकी हवी. समजा, 44,000 पौंडांची पोलादी कॉइल आहे. 3/8 इंची, ग्रेड 70 साखळीची क्षमता 6,600 पौंड. म्हणजे कमीत कमी चार साखळ्या आल्याच. साखळी घेताना कडीवर उठवलेला ग्रेड बघावा. आणि माल बांधायचा पट्टा चिरलेला असेल, तर फुकट मिळाला तरी महागच!

निघाल्यावर पहिल्या 50 मैलांच्या आत बांधणी पुन्हा तपासावी लागते.

नवख्यांचा खरा घाम काढते ती माल झाकायची ताडपत्री. दोनऐवजी तीन तुकड्यांची घेतली, तर एकेक तुकडा उचलायला हलका पडतो.