दुःख खाजगी असते काय?

(कोल्हापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



एकटेपणा, शोक, मातृत्व आणि शरीर यांविषयी लिहिणाऱ्या लेखिकांबद्दल चळवळीत एक सूर नेहमी ऐकू येतो : ही मध्यमवर्गाची खाजगी दुःखे आहेत, शोषणाविरुद्धच्या लढ्याशी त्यांचा संबंध काय?

या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्यातील एका गावाने दिले आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात विधवा-पुनर्विवाहाचा कायदा केला. तरीही पती वारताच बांगड्या फोडण्याची आणि कुंकू पुसण्याची प्रथा पुढे शतकभर टिकली. ४ मे २०२२ रोजी, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी, शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ती बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. शोक बाईचा, पण तो तिच्या मनगटावर आणि कपाळावर कसा दिसावा हे ठरविणार समाज. मग तो खाजगी कसा?

मात्र ठरावाचा अंमल उंबऱ्यापर्यंतच चालतो. दिवसकार्य आटोपून माणसे पांगल्यावर आत बाई काय सोसते, हे साहित्याकडूनच समजून घ्यावे लागते. आणि ते सांगणेही सोपे नव्हते. शिकलेल्या अविवाहित मुलींची घुसमट 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये (१९३३) मांडताना बाळूताई खरे यांना 'विभावरी शिरूरकर' या नावाचा आडोसा घ्यावा लागला. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'चे (१९८६) लेखन वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. त्यांच्या पुस्तकातील महारवाड्यातली बाळंतीण उपाशी आहे. मातृत्वाचे गोडवे गाणाऱ्या समाजापुढे त्यांनी भुकेचा आणि जातीचा हिशेब ठेवला. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मधील (२००३) विधवा आई बांबूच्या टोपल्या विणते. शोकासाठी हात थांबविणे तिला परवडत नाही. मेघना पेठे यांच्या 'हंस अकेला'मधील (१९९७) महानगरी एकटेपण याहून निराळे आहे. सारी दुःखे एका मापाने मोजू नयेत, हे खरे. पण पोटाला पुरेसे मिळते म्हणून एखाद्या बाईचे एकाकीपण खोटे ठरत नाही.

हेरवाडचा ठराव घेऊन कार्यकर्ता गावोगाव जाईल, तेव्हा त्याने ही पुस्तके वाचलेली असावीत. बाईपुढे काय बोलावे हे ठरावात लिहिलेले असते. तिचे काय ऐकावे हे या लेखिका शिकवितात.