दोन महिन्यांचे माहेर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे भाषण एखाद्या विदुषीने करावे, असा आपला शिरस्ता आहे. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकविले आणि निवृत्त झाल्यावर मंडळाच्या हिशेबाच्या वह्या सांभाळल्या. तेव्हा माझ्याकडून वक्तृत्वाची अपेक्षा ठेवू नये. गेले तीन उन्हाळे आपल्या वरच्या मजल्यावर परगावच्या मुली राहून गेल्या. त्यांची देखभाल माझ्याकडे होती. त्यांच्याविषयी चार शब्द सांगावे, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला, म्हणून उभी आहे. शिवाय पुढच्या महिन्याच्या सभेत त्या मजल्यासंबंधी आपणां सर्वांना निर्णय घ्यावयाचा आहे. त्याआधी सगळी हकीकत कानावर असलेली बरी.

सुरुवात एका फोनने झाली. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन परभणीला गेलेली. तिची मुलगी बी.एस्सी.ला जैवतंत्रज्ञान घेऊन शिकत होती. तिला पुण्याच्या एका कंपनीत मे आणि जून असे दोन महिने काम शिकण्यासाठी बोलाविले होते. पत्रात सारे लिहिले होते: किती वाजता यावे, पायांत कसले बूट असावेत, केस कसे बांधावेत. रात्री निजावे कोठे, एवढे मात्र नव्हते. खोल्यांचे मालक दोन महिन्यांसाठी दारात उभे करीनात. वडील म्हणाले, ओळख ना पाळख, राहू दे ते पुणे. शेवटी आईने मला विचारले, "बाई, तुमच्याकडे एका खाटेपुरती जागा होईल का हो?"

एका खाटेसाठी मी आपल्या वरच्या मजल्याचे कुलूप उघडले. पंधरा दिवसांत तिच्याच वर्गातल्या आणखी तिघी आल्या. दुसऱ्या वर्षी सातजणी होत्या, गेल्या उन्हाळ्यात नऊ.

जैवतंत्रज्ञान म्हणजे काय, असे आपल्यापैकी पुष्कळजणींनी मला विचारले. मलाही ते मुलींनीच शिकविले. आपण रात्री कोमट दुधाला चमचाभर विरजण लावतो. त्यातले जिवाणू रातोरात पातेलेभर दुधाचे दही करतात. दूध फार गरम असले तर बिघडते, फार गार असले तर लागत नाही. या उद्योगातले पुष्कळसे काम याच जातीचे आहे. फक्त ते पोलादी टाक्यांत, अगदी मोजूनमापून करतात. आणि दुसरा फरक असा की, जिवाणूंना नवे काम शिकविता येते. मधुमेहावरचे इन्सुलिन पूर्वी गाईंच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९७८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनचा जनुक जिवाणूंत घालून त्यांच्याकडून ते तयार करून घेतले. १९८२ साली तेथे ते औषध म्हणून मान्य झाले. आपल्या ओळखीतल्या कितीतरी माणसांचा दिवस आज अशा इन्सुलिनच्या सुईने सुरू होतो.

आणि हे काही सगळे परदेशातलेच नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिनसाहेबांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगाची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. आपल्या पुण्यात १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोनाच्या लसी टोचावयास प्रारंभ झाला, तेव्हा त्यांतली कोविशील्ड याच शहरातून बाहेर पडत होती. तेव्हा या मुली जे शिकावयास येतात, ते तुमच्या-माझ्या दंडापर्यंत पोचणारे काम आहे.

मात्र हे काम नुसते पुस्तक वाचून येत नाही. पोळी लाटण्याची कृती वाचून पोळी गोल होत नाही, तसेच. तेथे द्रव मोजावयाचा तो मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे औषधाच्या थेंबाचा सुमारे पन्नासावा हिस्सा. हात कापला की माप चुकले. कॉलेजात एका उपकरणाभोवती सगळा वर्ग उभा असतो; हात लावावयास मिळाला तर नशीब. म्हणून हे दोन महिने मोलाचे. ज्या मुलीचे घर पुण्यात आहे तिला ते मिळतात. परभणीच्या, नंदुरबारच्या, चिपळूणच्या मुलीला हुशारी असूनही मिळत नाहीत, आणि का, तर खाट नाही म्हणून. बुद्धीच्या परीक्षेत उतरलेली मुलगी खाटेच्या परीक्षेत नापास व्हावी, हे माझ्या गणितात बसत नाही.

कोणी म्हणेल, खाटच हवी ना, मग वसतिगृह शोधावे. एकत्र राहण्याचे एवढे काय? त्याला माझे उत्तर असे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बर नावाची जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. तेथे १९५९ पासून दर उन्हाळ्यात पदवीचे विद्यार्थी बोलावितात. सुमारे दहा आठवडे ती मुले तेथेच राहतात, एकत्र जेवतात आणि थोर शास्त्रज्ञांच्या शेजारी काम करतात. पहिल्या वर्षीच्या मुलांत डेव्हिड बाल्टिमोर नावाचा एक मुलगा होता. पुढे १९७५ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. नोबेल काही खाटेमुळे मिळत नाही, हे मलाही कळते. पण दिवसा हाताने केलेले काम रात्री जेवताना तोंडाने बोलले की ते डोक्यात बसते. आपल्या देशातही तीन विज्ञान अकादम्या मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिन्यांची शिष्यवृत्ती देतात. पण ती संशोधनसंस्थांत काम करणाऱ्यांसाठी. कारखान्यात शिकावयास जाणारी मुलगी पाहुणी असते ती सहा वाजेपर्यंतच.

आपल्या मजल्यावरची दिनचर्या आता सांगते. सकाळी सातला चहा. डबा ज्याने-त्याने भरावयाचा. स्वयंपाकाच्या पाळ्या फळ्यावर. हिंजवडीकडे जाणाऱ्या चौघी एका बसने, बाकीच्या आपापल्या वाटेने. प्रयोगशाळेतला पांढरा डगला घरात आणावयाचा नाही, आणि तेथली कोणतीही बाटली आपल्या फ्रिजमध्ये ठेवावयाची नाही. हे नियम मुलींनीच आम्हांला घालून दिले.

रात्री जेवणानंतर अर्धा तास बैठक. प्रत्येकीने आपण आज काय केले ते मराठीत, आमच्यासारखीला कळेल असे सांगावयाचे. एक अडचण निघाली. मुली निरनिराळ्या कंपन्यांतून येत. कंपनीचे गुपित बाहेर सांगावयाचे नाही, असे सहीनिशी लिहून दिलेले. तेव्हा ठरले की, रीत सांगावी, माल सांगू नये. हात कसा चालविला ते बोलावे, औषध कोणते ते बोलू नये. एकोणीस-वीस वर्षांच्या मुली हे किती काटेकोर पाळतात, ते पाहून मला नवल वाटले.

एके दिवशी नंदुरबारची मुलगी निर्जंतुक काम समजावून सांगत होती. हात कोपरापर्यंत धुवावयाचे, स्पिरिटने पुसावयाचे, मग कशालाही शिवावयाचे नाही. आमच्या एक वयस्कर भगिनी म्हणाल्या, "अगं, हे तर सोवळे!" ती पटकन म्हणाली, "हो आजी, पण हे सोवळे माणसाची जात विचारीत नाही. हात धुतले का, एवढेच विचारते." त्या रात्री आजी स्वतः तिच्या ताटात वाढावयास उठल्या.

याच बैठकीत मुलींना कळले की, या उद्योगात सगळ्यांनाच संशोधक व्हावे लागते असे नाही. उत्पादन आहे, मालाची तपासणी आहे, सरकारी परवान्यांची कागदपत्रे आहेत, रुग्णांवरच्या चाचण्यांची देखरेख आहे. एकीला कळले की आपल्याला प्रयोगशाळा मुळीच आवडत नाही. ती शिक्षिका होणार म्हणते. हेही दोन महिन्यांत कळले, दोन वर्षे नोकरीत घालविल्यावर नव्हे.

आता जे सांगावयास मला जड जाते, ते सांगते.

मुलींनी एक रीत शिकविली. औषधाच्या कारखान्यातल्या नोंदवहीत पेन्सिल चालत नाही, खोडरबर चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर एक आडवी रेघ मारावयाची, अशी की खालचे अक्षर वाचता यावे; शेजारी बरोबर मजकूर, सही आणि तारीख. चूक लपविणे हा चुकीपेक्षा मोठा अपराध. त्याच रीतीने मी माझी चूक सांगते.

दुसऱ्या वर्षी आपला नियम होता की, आठ वाजता दार बंद. चिपळूणची एक मुलगी जिवंत पेशी वाढविण्याचे काम शिकत होती. पेशी म्हणजे तान्ही मुले. त्यांना माणसाच्या अंगाइतकी, सदतीस अंशांची ऊब लागते आणि दोन-तीन दिवसांनी नवे अन्न द्यावे लागते. त्यांना घड्याळ कळत नाही. त्या दिवशी काम लांबले आणि ती साडेनऊला आली. तिने फोन केला होता. माझा फोन खोलीत पडलेला. दार लावलेले. ती पायरीवर बसून राहिली. मी खाली उतरले आणि काही न विचारता सगळ्यांदेखत तिला बोलले. काय बोलले ते येथे सांगत नाही. जे अशा वेळी मुलींना बोलतात तेच.

दुसऱ्या दिवसापासून ती सहाच्या ठोक्याला काम टाकून येऊ लागली. तिचे काम दुसऱ्या मुलाकडे गेले. तिने कोणाला काही सांगितले नाही. रविवारी वडील आले आणि तिला घेऊन गेले. तिच्या खोलीतल्या मुलीने मला नंतर सारे सांगितले. मी चिपळूणला पत्र लिहिले, माफी मागितली. उत्तर आले, मोठे सभ्य उत्तर. पण मुलगी परत आली नाही.

भगिनींनो, १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉक्टर कमला सोहोनी, बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या हटून बसल्या, तेव्हा एक वर्ष उमेदवारीवर घेण्याच्या अटीने प्रवेश मिळाला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. ही हकीकत आपण शाळेत मुलींना मोठ्या अभिमानाने सांगतो. मीही सांगत असे. पण त्या रात्री दार बंद करणारा कोणी मोठा संचालक नव्हता. कडी माझ्या हातात होती.

त्यानंतर आम्ही नियम बदलला. सकाळी निघताना फळ्यावर परतण्याची वेळ लिहावयाची; उशीर होणार असेल तर दोघींनी मिळून रिक्षाने यावयाचे; आठवड्याच्या पाळीवर असलेल्या भगिनीकडे किल्ली आणि फोन दोन्ही जागे ठेवावयाचे. गेल्या उन्हाळ्यात दोघी अकरा वाजतादेखील आल्या. त्यांच्यासाठी झाकून ठेवलेला वरणभात होता, आणि कोणी त्यांना काही बोलले नाही.

आता निर्णयाचे. मे महिना लग्नसराईचा. तो मजला वऱ्हाडाला दिला तर जे भाडे येते, त्याच्या निम्मेही मुलींकडून येत नाही. हिशेबनीस म्हणून मी हे लपविणार नाही. मंडळाच्या छपराची दुरुस्ती व्हावयाची आहे, हेही खरे. ज्या भगिनी मजला वऱ्हाडाला द्यावा म्हणतात, त्या मुलींच्या वैरी नव्हेत. त्यांच्या म्हणण्यात आणखी एक काळजी आहे: परक्यांच्या मुलींची जबाबदारी आपण का घ्यावी? काही झाले तर?

माझे म्हणणे थोडके आहे. पैशांची तूट दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून भरून काढू. अनारसे आणि चकल्या करणाऱ्या हातांना मी आजच सांगून ठेवते. जबाबदारीचे म्हणाल तर, ती एकीने घेतली की ओझे होते आणि बाराजणींनी घेतली की पाळी होते. शेजारच्या मंडळींना एवढीच विनंती की, रात्री दहाला फाटक वाजले तर खिडकीतून बघावे ते मुलगी सुखरूप आली का, यासाठी.

माहेर म्हणजे तरी काय? उशीर झाला तरी जेथे दार उघडते आणि कारण मागाहून विचारतात, ते. आपल्यापैकी पुष्कळजणींना ते लाभले, काहींना लाभले नाही. या मुलींना ते वर्षाचे दोन महिने देणे आपल्या हातात आहे. पुढच्या सभेत हात वर करताना एवढे लक्षात ठेवावे.