कान पिळावा की कानात सांगावे?

प्रत्येक वर्गात एक तरी मुलगा असा असतो, की ज्याचे नाव शिक्षकांना पहिल्याच दिवशी पाठ होते. हुशार मुलांची नावे कळावयास सहामाही परीक्षा यावी लागते. हा मात्र शेजाऱ्याचे दप्तर लपवून, शिक्षक फळ्याकडे वळताच शीळ घालून आपली ओळख आपणच करून देतो. अशा मुलाचे करावे काय? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर टेबलाच्या खणात असे. त्याला छडी म्हणत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंनाही बंदी केली, आणि ते योग्यच झाले. परंतु छडी गेल्यावर रिकाम्या हाताने वर्गात उभे कसे राहावे, हे कायदा कसे सांगणार?

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर सोसला, त्यांत इटलीतील तूरिन शहराचे धर्मगुरू जॉन बॉस्को यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांचा जन्म १८१५ चा. दोन वर्षांचेही झाले नव्हते तोच वडील वारले. तूरिनमध्ये तेव्हा खेड्यापाड्यांतून पोटासाठी आलेल्या पोरांचे थवे गवंड्यांच्या हाताखाली राबत आणि उरलेला वेळ रस्त्यावर काढीत. १८४१ च्या ८ डिसेंबरला बॉस्को मिस्सेची तयारी करीत असता देवळाच्या सेवकाने अशाच एका पोराला काठीने झोडपून हाकलले. त्याचा अपराध इतकाच, की मिस्सेत सेवा करावयास त्याला येत नव्हते. ‘तो माझा मित्र आहे,’ असे सांगून बॉस्कोंनी त्याला परत बोलावून घेतले. त्या मुलाचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. बॉस्कोंच्या कार्याचा आरंभ स्वतः ते याच दिवसापासून मोजीत.

परंतु गारेल्ली मुळात गरीब स्वभावाचा. खरी परीक्षा पाहिली ती मिकेले मागोने या पोराने. १८५७ च्या शरद ऋतूत, धुक्याने भरलेल्या एका सायंकाळी, कार्मान्योला गावच्या स्थानकावर बॉस्को गाडीची वाट पाहत होते. जवळच पोरांचा गलका चालला होता आणि त्यात एकाचा आवाज सर्वांवर हुकूम सोडीत होता. बॉस्को सरळ त्या घोळक्यात शिरले. बाकीची पोरे पांगली. हा मात्र कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि ‘आमच्या खेळात पडणारे तुम्ही कोण?’ असे विचारता झाला. वय तेरा, बाप नाही, आई मोलमजुरीत गुंतलेली, शाळेतून अनेकदा हाकललेला. धंदा काय करतोस, तर काहीच नाही! बॉस्कोंनी उपदेश केला नाही. चार प्रश्न विचारले, एक पदक हातावर ठेवले आणि गावच्या धर्मगुरूंकडून चौकशी करून त्याला तूरिनला आपल्या वसतिगृहात आणले.

तेथेही मागोने पहिल्या दिवसापासून संत झाला असे नव्हे. वर्ग सुटताच तो तोफेच्या गोळ्यासारखा अंगणात पडे. बॉस्कोंनी त्याचे खेळणे बंद केले नाही. एक शहाणा सोबती मात्र त्याच्याजवळ नेमून दिला. महिना लोटला आणि एकाएकी हा दंगेखोर मुलगा कोपऱ्यात बसून रडू लागला. दुसरा एखादा शिक्षक म्हणाला असता, चला, पोर निवळले! बॉस्कोंना ते रडणे दंग्याहून अधिक काळजीचे वाटले. त्यांनी त्याला जवळ घेऊन विचारले. इतर मुले मोकळ्या मनाने प्रार्थना करतात आणि आपल्या मनावर मागच्या चुकांचे ओझे आहे, हे त्याचे दुःख निघाले. पापनिवेदनानंतर ते ओझे उतरले. पुढे हाच मुलगा आजाऱ्यांची अंथरुणे घालू लागला. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रे लिहून देऊ लागला. १८५९ च्या जानेवारीत, कोवळ्या वयातच तो वारला. बॉस्कोंनी त्याचे चरित्र लिहून १८६१ मध्ये प्रसिद्ध केले.

बॉस्कोंची पद्धत भाबडी होती, असा समज करून घेऊ नये. १८५२ मध्ये एका मुलाला सुताराकडे उमेदवारीस ठेवताना त्यांनी लेखी करार करून घेतला, आणि मालकाने मुलाला शब्दांनीच सुधारावे, अन्य मार्गाने नव्हे, अशी अट घातली. १८७७ मध्ये आपल्या पद्धतीवर त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. नियम मुलांना आधी नीट कळवावेत आणि मग त्यांच्यावर सतत प्रेमळ लक्ष ठेवावे, म्हणजे अपराधाला वावच राहत नाही, हे त्याचे सार. मारणे, गुडघे दुखतील असे बसविणे, कान पिळणे हे सर्व वर्ज्य. चारचौघांत पाणउतारा जवळजवळ कधीच नाही. ज्या मुलाला आपल्याविषयी माया वाटते, त्याच्याकडे क्षणभर नेहमीच्या प्रेमाने न पाहणे हीच शिक्षा पुरते. आणि सांगावयाचे ते एकट्याला गाठून, कानात, एका वाक्यात. एका हाताने कान पिळता येतो आणि त्याच कानात हळूच चार शब्दही सांगता येतात; त्या मुलाला दोन्ही दीर्घकाळ आठवतात, परंतु वेगवेगळ्या प्रकारे.

आपल्याकडे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलाच्या छात्रालयात साने गुरुजींनी हेच निराळ्या वाटेने केले. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. त्यापूर्वी मुले बाहेर गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, कपडे धुऊन ठेवीत. ओरडून जे साधले नसते, ते मुलांच्या लाजेने साधले.

आता कोणी म्हणेल, साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास. यात कोणाकोणाच्या कानाशी लागावे? आक्षेप खोटा नाही. बॉस्को मुलांबरोबर रात्रंदिवस राहत; शिक्षकाला घरसंसार असतो, वह्यांचे गठ्ठे असतात. मात्र बॉस्कोंनाही आपल्याच संस्थेत हीच अडचण दिसली. १८८४ च्या मे महिन्यात त्यांनी रोमहून तूरिनला एक पत्र धाडले. त्यात एका स्वप्नाचे वर्णन आहे. प्रथम जुने अंगण दिसते: मुले धावत आहेत आणि शिक्षक त्यांच्यात मिसळून खेळत आहेत. मग नवे अंगण दिसते: मुले खांबांना टेकून कंटाळलेली, काही कुजबुजत दूर गेलेली, आणि शिक्षक आपापसांत बोलत फिरत आहेत. वर्गातील शिस्तीविषयीचे हे पत्र आहे, आणि त्याचा रोख मधल्या सुट्टीवर आहे. आपल्या शाळांतही ती घंटा होते तेव्हा शिक्षकांच्या खोलीत चहा आलेला असतो, आणि सकाळी बाकावर उभा केलेला मुलगा बाहेर अंगणात असतो.