मातृस्मरण



आमच्या मातोश्री गेल्या माघात कैलासवासी झाल्या. त्यांच्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले सामान्य शिक्षक. वक्तृत्व आमच्यापाशी नाही.

आटपाडीकडील आमच्या घरी पिढीजात हातमाग होता. वडील विणीत व मातोश्री रहाटावर कांड्या भरीत. १९७२ साली पावसाने दगा दिला. जेथे भाकरीची भ्रांत, तेथे लुगडे कोण घेणार? माग थांबला आणि मातोश्री दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाऊ लागल्या. कोष्ट्याच्या घरातील बाईने रस्त्यावर बसून खडी फोडावी, हे भावकीस रुचले नाही. (बोलले पुष्कळ, पायलीभर जोंधळा मात्र कोणी आणून दिला नाही.) तुटलेला धागा अंधारातही सांधणारी ती बोटे महिन्याभरात अशी फुटली की, सुईत दोरा ओवता येईना. कामावर मिळणारी सुकडी त्या पदरात बांधून आणीत व आम्हां भावंडांस वाटून देत. त्याच मजुरीतून आमची मॅट्रिकची फी भरली गेली व १९७३ च्या मार्चमध्ये आम्ही परीक्षेस बसलो.

येथवरची हकीकत आम्ही अनेकदा अभिमानाने सांगितली आहे. एक गोष्ट मात्र आजवर गाळीत आलो. मातोश्री कामावर गेल्यावर तान्ह्या भावास कोण सांभाळणार, म्हणून सहावीत शिकणाऱ्या आमच्या धाकट्या भगिनीचे नाव शाळेतून काढले. पाढे तिला आमच्याहून चोख येत. पुढे अडतीस वर्षे आम्ही लोकांच्या लेकींची नावे हजेरीपटावर घातली. घरची ही गळती आमच्या ध्यानी आली नाही, किंवा आम्हीच ती येऊ दिली नाही.

शेवटच्या आजारात एका रात्री मातोश्री म्हणाल्या, "तुला शिकवलं म्हणून लोक माझं नाव घेत्यात. पोरीची शाळा मीच मोडली, ते कुणी इचारत न्हाई."

आम्ही म्हणालो, "आई, दुष्काळच तसा होता."

"दुष्काळ सरला की बाळा. म्होरल्या साली तिला परत कुठं धाडली?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते.

वर्षश्राद्धाचे मोठे जेवण न घालता ते रुपये २५,००० आम्ही आज मंडळाच्या स्वाधीन करीत आहो. व्याजातून ज्ञातीतील, शाळा सुटलेल्या एखाद्या मुलीची फी भरावी. देणगीपत्रावर नाव भगिनीचे आहे. सहीही तिचीच, अक्षर आमच्याहून वळणदार आहे.